नागलीला लावलेलं पिवळं लेबल

मधुमेह निघाला की पहिल्या आठवड्यात माणसाला दोन गोळ्या मिळतात आणि चाळीस सल्ले. गोळ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही, ते काम डॉक्टरांचं. मला सांगायचंय ते सल्ल्यांबद्दल. खाण्याच्या बाबतीत कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं हसून सोडून द्यायचं, हे कळायला मला काही महिने लागले. तेवढ्या काळात माझा डावा पाय आणि दोन्ही डोळे थोडक्यात वाचले. तुम्ही नुकतेच या वाटेला लागला असाल, तर निदान माझी चूक तरी तुम्ही करू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझं नाव काशिनाथ. मूळचा सुरगाणा तालुक्यातल्या डोंगरातला, राहायला नाशकात इंदिरानगरला. ओझरच्या विमान कारखान्यात तीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं इन्स्पेक्टर म्हणून. इन्स्पेक्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला भाग मोजायचा आणि बरोबर असेल तरच त्याच्या कागदावर आपला शिक्का मारायचा. शिक्का बोटाच्या पेराएवढा, त्यावर नुसता एक नंबर. पण तो नंबर दुसऱ्या कुणाचा नसतो. पुढे कधीही त्या भागाचं काही बिनसलं, तर कागद उलटत उलटत माणसं त्या नंबरापर्यंत येतात. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी, आणि शिक्का मारणारा तर आख्ख्या गावात एकटा. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

शिक्का जमा

इन्स्पेक्टरचे डोळे दर वर्षी तपासतात. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल, माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. कारखान्याच्या दवाखान्यात मी नेहमीसारखा तक्त्यासमोर उभा राहिलो आणि खालच्या तीन ओळी मला मुंग्यांसारख्या दिसल्या.

"चष्मा विसरलात का?" तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

"घातलाय की!"

त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी डोळ्यांचं सोडून भलतंच विचारलं. तहान किती लागते, लघवीला किती वेळा जाता, वजन उतरलंय का. मी म्हटलं, पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलीत, पण ते बायकोच्या हातच्या जेवणामुळे असेल. ते हसले नाहीत. रक्त घेतलं. दुपारी बोलावून सांगितलं, "काशिनाथ, साखर तीनशेच्या वर आहे. मधुमेह बराच जुना असावा. डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि दृष्टी सुधारेपर्यंत शिक्का वापरता येणार नाही."

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होणार होती. तीत उतरलो नाही, तर इन्स्पेक्शन कायमचं सुटणार आणि मी कुठल्या तरी टेबलावर कागद लावत बसणार, हे न सांगताही मला ठाऊक होतं.

ऑफिसात शिक्क्यांचं रजिस्टर असतं. कारकुनाने माझा नंबर शोधला, तारीख घातली आणि 'कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिला: दृष्टी. मग सहीसाठी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सही कुठे करायची तो चौकोन मला नीट दिसेना. त्याने बोट ठेवून दाखवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी आलो तेव्हा सुनंदा, माझी बायको, पोळ्या लाटत होती. सांगितलं तशी तिने गॅस बंद केला.

"मग आता खायचं काय तुम्ही?"

"गोड बंद. भात कमी. बाकी सगळं बेताने, असं म्हणाले डॉक्टर."

"बेताने म्हणजे किती?"

हे मी विचारलंच नव्हतं. माझ्यामागे रांग होती, आणि मला तिथून एकदाचं बाहेर पडायचं होतं. सुनंदा शिवणकाम करणारी बाई. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तिने पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारला आणि मी तिच्यावर खेकसलो, "बेताने म्हणजे बेताने!"

बसमधले डॉक्टर

इंदिरानगरहून ओझरला आम्हाला कंपनीची बस असे. बातमी दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढण्याआधीच चढून बसली होती. आडगाव नाका येईपर्यंत मला कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड आणि लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी एवढं सगळं लागू झालं होतं. कुणी म्हणे साखर वाईट, गूळ चालतो. कुणी म्हणे गूळही नको, मध घ्या. वर्तमानपत्रातली कात्रणं तर विचारूच नका. एका कात्रणात केळं म्हणजे विष होतं आणि पुढच्याच आठवड्यात केळं म्हणजे अमृत. सुनंदाने दोन्ही फ्रिजवर शेजारी शेजारी चिकटवली आणि म्हणाली, "तुमची भांडणं मिटली की सांगा."

माझ्या शेजारच्या सीटवर जाधव बसायचा. पेंट शॉपमधला, म्हणजे कारखान्याच्या रंगकाम खात्यातला, जिवाला जीव देणारा माणूस. तो म्हणाला, "अरे, तू सुरगाण्याचा ना? मग तुला कशाची चिंता? नागली खा! नागली खाणाऱ्याला शुगर होतच नाही. कितीही खा."

नागली म्हणजे तुमची नाचणी. मागच्या सीटवरून एकाने दुजोरा दिला. पुढच्याने तर सांगितलं की त्याच्या साडूची शुगर नुसत्या नागलीवर गेली, गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा आईने दिलेली नागलीची भाकरी डब्यात आणायचो. एक दिवस कँटीनमध्ये कुणी तरी ओरडलं, "गोवरी आणली काय रे डब्यात?" सगळं टेबल हसलं. त्या दिवशी भाकरी मी कँटीनच्या मागे टाकून दिली, आणि पुढे वीस वर्षं कामावर गव्हाच्या पोळीशिवाय काही नेलं नाही. आता तीच बस मला म्हणत होती की तुझी नागली म्हणजे रामबाण. माझी छाती दोन इंच फुगली.

म्हणून मी तो सल्ला तपासला नाही. तो खरा असावा अशी माझीच इच्छा होती.

चार भाकऱ्या आणि आंबील

गावी निरोप धाडला. आईने जीपवाल्याच्या हाती नागलीचं पोतं दिंडोरी नाक्यावर पोचवलं. मग काय, सकाळी वाटीच्या जागी तांब्याभर आंबील, त्यात गुळाचा खडा, कारण गूळ चालतो. दुपारी दोन भाकऱ्या, रात्री चार. पोट भरलं तरी खायचो. औषध म्हणून खात होतो ना! पंधरा दिवसांनी गोळ्या निम्म्या केल्या, महिन्याभराने बंद.

"डॉक्टरांना विचारलंत का?" सुनंदाने विचारलं.

"त्यांना नागलीतलं काय कळतं? शहरातला माणूस."

"रक्त तरी तपासून या."

"बरं वाटतंय मला. उगीच कशाला सुया टोचून घ्यायच्या?"

बरं वाटत नव्हतं. तहान तशीच होती, ती मी उन्हाळ्याच्या नावावर खपवली. डोळ्यांपुढचा धूर तसाच होता, तो मी चष्म्याच्या नावावर खपवला. रक्त तपासलं नाही, कारण तपासलं असतं तर आकडा दिसला असता. हे मी आता लिहू शकतो. तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

सुनंदाने माझ्याशी बोलणं कमी केलं. मुलगी दोघांच्या मधे निरोप पोचवू लागली. घरात तीन माणसं, आणि जेवायला बसलं की फक्त भांड्यांचा आवाज.

नऊ दिवस

कामावरच्या जड बुटाने डाव्या अंगठ्याला फोड आला. पायाला बधिरपणा आला होता, त्यामुळे मला तो कळलाच नाही. कळला तो सुनंदाला, मोजा धुवायला घेताना. त्यावर पू आणि रक्त होतं. संध्याकाळपर्यंत पाऊल सुजून लाल झालं आणि अंगात हुडहुडी भरली.

हॉस्पिटलमध्ये साखर मोजली ती चारशेच्याही पुढे. सर्जननी पाय पाहिला आणि सुनंदाला बाजूला घेऊन बोलले. ते काय म्हणाले हे तिने मला घरी गेल्यावर सांगितलं: आणखी दोन दिवस थांबला असतात तर पाय कापावा लागला असता. मला फक्त तिची पाठ दिसली, आणि पदर तोंडाशी गेलेला दिसला. मी भ्यालो, विलक्षण भ्यालो. पाय गेला तर काय आणि डोळे गेले तर काय, असं आलटून पालटून मनात येत होतं.

तिथे मी नऊ दिवस होतो. हॉस्पिटलचा दिवस सहाला सुरू होतो. सिस्टर सुई घेऊन येतात, मग ड्रेसिंग, मग डॉक्टरांची फेरी, मग परत सुई. ड्रेसिंगच्या वेळी मी छताकडे बघून जुने भाग आठवायचो, कुठला किती मापाचा. सफाईच्या मावशी बिनसाखरेचा चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, "दादा, गरम हाय तवर प्या, गरम असला की गोड लागतो." त्या चहात काडीची साखर नव्हती, पण त्या वाक्यावर माझी सकाळ निघायची.

सुनंदा दोन दिवस उशाशी बसून होती, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ आल्या, देशमुख मॅडम. वयाने लहान, सुती साडी, आणि खांद्याच्या पिशवीत स्टीलच्या दोन वाट्या, चमचे आणि छोटा वजनकाटा.

"काय काय खाता ते सांगा. खरं सांगा, मी रागावत नाही."

मी सांगितलं. नागलीचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "नागली चांगली." मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे पाहिलं.

"किती खाता?"

"कितीही."

"कितीही हे माप माझ्याकडे नाही," मॅडम म्हणाल्या. "नागलीने साखर वाढत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"जाधवने."

"ते काय करतात?"

"पेंट शॉपला आहेत."

त्या हसल्या नाहीत, ही त्यांची मोठी कृपा. हसली ती सुनंदा. दोन दिवसांचं मौन तिथे फुटलं. "मॅडम, विमानाचा एवढासा रिव्हेट हे दहादा मोजतात. पोटात काय घालायचं ते मात्र बसमध्ये ठरतं!"

मॅडमनी मग माझ्या कामाची चौकशी केली. भाग पास कसा करता? मी सांगितलं: आधी ड्रॉइंग बघायचं, मग गेजने, म्हणजे मापाच्या साधनाने, मोजायचं, आणि त्याच्याही आधी त्या गेजची पडताळणी कधी झाली ती चिठ्ठी बघायची. गेजच चुकलेलं असेल तर मोजून उपयोग काय? आणि एखाद्या भागाबद्दल खात्री नसेल, तर? तर तो फेकून द्यायचा नाही आणि पासही करायचा नाही. त्याला पिवळं लेबल लावायचं. होल्ड. तपासणी होईपर्यंत तो विमानाला लागत नाही.

"मग नागलीला कुठलं लेबल लावलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी नागलीवर सरळ शिक्का मारला होता, न मोजता. माझ्या सगळ्या नोकरीत एकही भाग मी तसा पास केलेला नव्हता.

पुस्तकाची पडताळणी

त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. आपल्याकडच्या धान्या-भाज्यांत काय काय किती असतं, याचे नुसते तक्ते. तांदूळ, गहू, ज्वारी, नागली, एकाखाली एक ओळी. पिठूळ भाग, जो पोटात जाऊन शेवटी साखरच होतो, तो चारही ओळींत जवळजवळ सारखा. नागलीत कॅल्शियम भरपूर, चोथा तांदळापेक्षा बराच जास्त. चांगलं धान्य आहे, यात वाद नाही. पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्या, आणि वर गुळाची पातळ आंबील म्हणजे सरळ साखरेला दिलेलं आमंत्रण.

माझा स्वभाव असा की हरलो तरी एक प्रश्न विचारल्याशिवाय उठत नाही. म्हटलं, "हे पुस्तक तरी कशावरून खरं?"

सुनंदाने कपाळावर हात मारला. मॅडमना मात्र राग आला नाही. उलट त्या खुर्ची ओढून बसल्या. हे आकडे प्रयोगशाळेत कसे काढले, हे पुढच्या पानांवर लिहिलेलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं. कुणी छापलं ते दाखवलं. छापणाऱ्यांना नागली विकायची नव्हती की तांदूळ विकायचा नव्हता. आवृत्ती कुठली, आधीच्या आवृत्तीतलं काय बदललं तेही होतं. म्हणजे या गेजला पडताळणीची चिठ्ठी लटकवलेली होती. माझी खात्री पटत गेली.

"आणि तो लाकडी पेला?" मी शेवटचा चेंडू टाकला.

"त्याबद्दल मला नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पाहून सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या खरंच आल्या. म्हणाल्या, "पाहिलं. भरवसा ठेवावा इतका पुरावा मला सापडला नाही. आणि गोळीच्या ऐवजी तर नकोच."

"मला माहीत नाही." गेले दोन-तीन महिने मला सल्ला देणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही हे तीन शब्द उच्चारले नव्हते. कारखान्यातसुद्धा मी ज्या सहकाऱ्यांच्या शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास टाकायचो, ते हेच शब्द म्हणू शकणारे होते. मी त्या दिवसापासून देशमुख मॅडमना मानलं.

आईचा जबाब

पाचव्या दिवशी आई आली. सुरगाण्याहून जीपने, उभ्या गर्दीत, कमरेला पदर खोचून. हातात फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ आणि माठाची जुडी. नेमक्या तेव्हाच मॅडम सुनंदाला सांगत होत्या की नागलीची भाकरी मोजून द्यायची.

आईने ऐकलं आणि तिथेच उभी राहिली. "नागली खाऊन कोन आजारी पडला, असा आमी कंदी नाय ऐकला."

मला वाटलं, आता जुंपणार. मॅडमनी उठून तिला खुर्ची दिली. "आजी, तुम्ही किती भाकरी खाता?"

"दोन. आवनीच्या दिसात, भात लावताना, तीन."

"कशाशी?"

"उडदाचं वरान. भाजी. जी गावंल ती."

"गूळ?"

"गूळ रोज कुठला, बाई? सनाला."

"आणि दिवसभर काय काम असतं?"

आई हसायला लागली. "काय नसतं? पानी आनायला डोंगर उतरायचा नि चढायचा. राब भाजायचा, लाकडं आनायची, ढोरं वळायची." मग एकदम थांबली आणि माझ्याकडे वळली. "तू किती खातो?"

"चार," मी म्हणालो. "आणि आंबील. गुळाची."

"आन् काम?"

माझं काम बसून मोजायचं, आणि कामावर जायचं-यायचं ते बसमध्ये बसून.

"आमी नागली खाऊन डोंगर चढतो," आई म्हणाली. "तू नागली खाऊन मोटारीत बसतो. नागलीला कशाला बदनाम करतो?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ इतके हसले की त्यांचं सलाइन हललं. मॅडम हळूच म्हणाल्या, "आजींनी माझं अर्धं काम केलं." आईला ते कळलं, आणि तिने पिठाचं गाठोडं सरळ त्यांच्या हातात दिलं. "तूच मोज आन् दे त्याला." तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. नागलीची इज्जत शाबूत राहिली होती.

माप

घरी आल्यावर सुनंदाने स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन खातं करून टाकलं. एका भाकरीला किती पीठ, हे तिने काट्यावर ठरवलं आणि तेवढ्याची एक वाटी बाजूला काढून ठेवली. त्या वाटीला कुणी हात लावायचा नाही. अर्ध्या ताटात भाजी आणि कोशिंबीर, उरलेल्यात उसळ नाहीतर वरण, आणि दोन भाकऱ्या. गोळ्या आणि इन्सुलिन डॉक्टर सांगतील तसं, एक दिवस चुकवायचं नाही. पाय बरा झाल्यावर संध्याकाळी पाथर्डी फाट्यापर्यंत चालणं. ती बरोबर यायची. त्या चालण्यात आम्ही पुन्हा बोलायला लागलो. एकदा म्हणाली, "पहिल्या दिवशी विचारलं होतं, बेताने म्हणजे किती. खेकसला होतात." मी भर रस्त्यात तिची माफी मागितली. लग्नात सुद्धा तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, पहिल्यांदा मागितली ती माफी, म्हणून ती खूश झाली.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. मेव्हण्याच्या घरी वास्तुशांतीला त्याने श्रीखंडाची वाटी माझ्या ताटात आदळली. "एका दिवसाने काय होतंय?" मी वाटी परत दिली. त्याने आग्रह केला, मी आवाज चढवला, आणि पंगत थंड पडली. सहा महिने तो बोलला नाही. मला वाईट वाटलं. पण पुन्हा तसंच केलं असतं.

मग तपासणीचा दिवस आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पडद्यावर दोन-चार बारीक ठिपके आहेत, साखर आटोक्यात राहिली तर तिथेच थांबतील, पण दर वर्षी दाखवायचं. धूर मात्र ओसरत गेला होता. कारखान्याच्या दवाखान्यात मी तक्त्यासमोर उभा राहिलो. वरून खाली वाचत गेलो. शेवटची ओळ वाचली आणि बाई म्हणाल्या, "झालं." मी ती पुन्हा वाचली. "झालं हो, काशिनाथराव!" मी तिसऱ्यांदा वाचली.

शिक्का परत मिळाला. पहिला भाग आला तो साधा ब्रॅकेट होता, रोजचाच. मी तो तीनदा मोजला. कागदावर शिक्का मारला, ठसा स्वच्छ उमटला. त्या दुपारी कँटीनमध्ये मी डबा मधल्या टेबलावर उघडला. दोन काळ्याभोर भाकऱ्या, माठाची भाजी, उडदाचं वरण. कुणी हसलं नाही. हसलं असतं तरी मी जेवलो असतो.

हिरवं, पिवळं, लाल

पुढे नव्या शतकात घरी साखर मोजायचं यंत्र आलं. मुलीने पहिल्या पगारातून आणलं. मला तर खेळणंच मिळालं. डॉक्टरांना विचारून मी नागलीची रीतसर तपासणी केली. ठरलेल्या पिठाच्या दोन भाकऱ्या, भाजी आणि वरणासकट, मग दोन तासांनी आकडा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पिठाची आंबील, गूळ घालून. असं बरेच दिवस, वहीत लिहून. भाकरीला हिरवं लेबल मिळालं, म्हणजे पास. गुळाच्या आंबिलीला लाल, म्हणजे नापास, आणि ते लावताना मला वाईट वाटलं, कारण आंबील मला फार आवडते. वही देशमुख मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, "छान. पण हे तुमच्या पोटाचं माप आहे, सगळ्यांच्या नाही." हेही मी वहीत लिहून ठेवलं.

तोवर सल्ल्यांना पूर आला होता. सायबर कॅफेत बसलं की दहा मिनिटांत मधुमेह मुळापासून उपटणाऱ्या दहा पुड्या सापडायच्या. माझा नियम सोपा. सांगणारा तेच विकतोय का? किती माणसांवर तपासलं, आणि न घेणाऱ्यांशी ताडून पाहिलं का? "माझ्या साडूला गुण आला" याच्या पलीकडे काही आहे का? चुकलं तर चुकलं म्हणायची त्याची तयारी आहे का? आणि गोळी बंद करा म्हणत असेल तर पुढचं ऐकायचंच नाही. बाकी ज्याची खात्री नाही, त्याला पिवळं लेबल. त्यामुळे भांडण होत नाही. मी कुणाच्या मावशीच्या काढ्याला खोटा म्हणत नाही, फक्त होल्डवर ठेवतो.

बसमध्ये हा खेळच झाला. कुणी नवीन काही बोललं की मागून आवाज यायचा, "भाऊ, लेबल कुठलं?"

मग एका सकाळी जाधव बसमध्ये नेहमीसारखा बडबडला नाही. आडगाव गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाला, "काशिनाथ, मलापण निघाली. काय खाऊ?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मला सगळं माहीत होतं. माझी वही तोंडपाठ होती. तरी मी म्हटलं, "मला विचारू नकोस. मी विमानाचा इन्स्पेक्टर आहे. संध्याकाळी तुला मॅडमकडे घेऊन जातो." आणि नेलं. परत येताना तो म्हणाला, "मी तुला नागली कितीही खा म्हणालो होतो. तुझा पाय जायचा होता माझ्यामुळे." मी म्हटलं, "तू नुसतं बोललास. शिक्का मी मारला होता."

कारण

दोन हजारचं दशक संपता संपता मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी शिक्का जमा करायला ऑफिसात गेलो. कारकून नवा होता. त्याने नंबर शोधला, तारीख घातली, 'कारण' या रकान्यात 'निवृत्ती' लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सही करायच्या चौकोनावर त्याने सवयीने बोट ठेवलं.

"बोट काढ," मी म्हटलं. "दिसतंय मला."

सही केली. मग त्याला जुनं रजिस्टर काढायला लावलं. तो कुरकुरला, पण त्याने काढलं. पानं पिवळी पडली होती, शाई फिकटली होती. मी माझी ओळ शोधली आणि वाचली, बारीक अक्षर, खिडकीपासून लांब, चष्मा होता तोच. नंबर. तारीख. कारण: दृष्टी. खाली माझी वेडीवाकडी सही, चौकोनाच्या बाहेर गेलेली.

"काय शोधताय, काका?"

"काही नाही," मी म्हटलं. "एवढंच वाचता येतंय का, ते बघत होतो."